घरचें शिवण : एक उपेक्षित विद्या

हिंदुस्थानांतील वस्त्रांविषयीं लिहिणाऱ्या जुन्या इंग्रज लेखकांचें एक मत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पाहण्यांत आलें असेल. डॉ. फ्रान्सिस बुकानन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बंगाल व बिहार प्रांतांची पाहणी केली आणि मुसलमानांच्या आगमनापूर्वीं हिंदूंस सुई ठाऊकच नसावी असें लिहून ठेविलें. शिवण्याच्या क्रियेस हिंदी भाषेंत स्वतंत्र शब्द आपणांस मिळाला नाहीं, मिळाला तो मागावर धोटा फिरविण्याचा, असेंही त्यांचें म्हणणें होतें. पुढें १८६६ सालीं फॉर्ब्स वॉटसन यांनीं येथील कापडावरील आपल्या ग्रंथांत हें मत उद्धृत केलें, आणि तेथून तें अनेकांच्या लेखणींत उतरलें.

या मताचें खंडन आतां कोणास नवें वाटणार नाहीं. तथापि खंडन करणारांनीं राजेरजवाड्यांच्या पोशाखाचा जितका विचार केला, तितका घरांत बसून आपलें वस्त्र आपण शिवण्याच्या विद्येचा केला नाहीं, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत टिपणांत तिचाच थोडा मागोवा घेण्याचें योजिलें आहे. त्यास निमित्त झाली ती आमच्याच हातून घडलेली एक चूक. ती शेवटीं सांगूं.

आधीं शब्दांची साक्ष घेऊं. धातुपाठांत दिवादि गणांत ‘सिव्’ हा धातु तंतुसंतान या अर्थीं दिला आहे. त्यापासूनच आपलें ‘शिवणें’ आलें. सूचीपासून सुई, कर्तरीपासून कातर, चोलापासून चोळी, अशी ही वंशावळ सरळ आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांतील बत्तिसाव्या सूक्तांत राका देवतेस न मोडणाऱ्या सुईनें काम शिवण्याची प्रार्थना आहे. म्हणजे सुई ही तेथें उपमेस घेण्याइतकी परिचित वस्तु आहे. अमरसिंहानें शिवणाऱ्यास तुन्नवाय व सौचिक असे दोन पर्याय दिले आहेत. यांपैकीं तुन्नवाय शब्द विचार करण्याजोगा आहे. तुन्न म्हणजे टोंचलेलें, फाटलेलें; तें जो विणतो तो तुन्नवाय. शिवणें हें सुईनें विणणेंच आहे, अशी आमच्या पूर्वजांची कल्पना या शब्दांत दिसते. बुकाननसाहेबांना माहिती देणाऱ्या माणसानें विणकामाचा शब्द सांगितला असेल तर तो कदाचित् चुकला नसेल. ऐकणाऱ्यानें मात्र त्यावरून भलतें अनुमान काढलें.

बाहेरून कांहींच आलें नाहीं, असें म्हणण्याचा आमचा आग्रह नाहीं. सदरा, पैरण, अस्तर, रफू हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेनें आले; काज व इस्त्री हे पोर्तुगीजांकडून आले. अंगाबरोबर बेतलेल्या नव्या तऱ्हेच्या वस्त्रांबरोबर त्यांचे शब्द आले, हें उघड आहे. परंतु सुई, सूत, कातर व शिवणें या मूळच्या चार गोष्टींचे शब्द घरचे आहेत. ज्याच्या घरीं चूल आहे त्यानें नवें पक्वान्न शेजाऱ्याकडून शिकलें, म्हणून त्यास अग्नि ठाऊक नव्हता असें कोणी म्हणत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आमच्या ग्रंथांत शिवण्याच्या धंद्यास एक मान व शिवण्याच्या विद्येस दुसरा मान, असा भेद आढळतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ज्यांचें अन्न घेऊं नये अशांच्या मालिकेंत तुन्नवाय आहे. उलट वात्स्यायनानें कामसूत्रांत चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे तींत ‘सूचीवानकर्में’ ही एक कला आहे. वेतन घेऊन शिवणारा हीन, पण आपल्या घरीं शिवणारी स्त्री कलावती, असा हा प्रकार आहे. त्यांतून धर्मकृत्याच्या वेळीं न शिवलेलें वस्त्रच शुद्ध मानण्याची रीत. यामुळें शास्त्रग्रंथ शिवणाविषयीं फारसे बोलत नाहींत. त्यांच्या मौनावरून ती वस्तुच नव्हती, असें समजणें हा तर्कदोष होय.

कामसूत्राचा टीकाकार यशोधर हा सुमारें तेराव्या शतकांतला. त्यानें आपल्या जयमंगला टीकेंत सूचीवानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : सीवन, ऊतन व विरचन. पहिला प्रकार कंचुक वगैरे शिवण्याचा, दुसरा फाटलेलीं वस्त्रें सांधण्याचा, तिसरा झूल, आस्तरण इत्यादि रचण्याचा. हे वाक्य आम्ही विद्यार्थिदशेंत अनेकदां वाचलें होतें व अनेकदां ओलांडून पुढें गेलों होतों. पुढें एके दिवशीं ध्यानांत आलें, कीं हीं तर आमच्या आईच्या शिवणाच्या टोपलींतलीं तीन कामें ! चोळी शिवणें, ठिगळ लावणें व गोधडी घालणें, हेंच सीवन, ऊतन व विरचन. यशोधरानें वर्गीकरण कल्पनेनें केलेलें नाहीं. त्यानें घरांत पाहिलेलें लिहिलें असावें. सातशें वर्षांनंतर महाराष्ट्रांतल्या घरांत तें वर्गीकरण जसेंच्या तसें लागू पडत होतें.

ही विद्या केवळ स्त्रियांची होती असेंही नव्हे. बौद्धांच्या विनयपिटकांत भिक्षूंनीं आपलीं चीवरें आपल्या हातांनीं शिवावीं, हें गृहीतच धरलें आहे. चुल्लवग्गांत त्यासाठीं सुई, सुया ठेवण्याची नळी, बोटास सुई टोंचूं नये म्हणून बोटावर घालावयाचें साधन, कातर, कापड ताणून धरण्याची चौकट अशा एकेक वस्तूस परवानगी दिल्याच्या कथा आहेत. सुई गंजूं नये म्हणून नळींत काय भरावें, याचीही चर्चा तेथें आहे. महावग्गांत मगध देशांतील शेतांचे बांध पाहून त्या आकृतीचें चीवर आनंदानें बेतल्याची कथा येते. पाचित्तिय नियमांत हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा शिंगाच्या सुईघराची मनाई आहे. निषेध करावा लागला, त्या अर्थीं भिक्षूंस चांगल्या सुईघराची हौस लागली होती. नुसती गरज असती तर हौस कशास लागती ? आपल्या हातानें केलेल्या कामाविषयींची ही आवड विरक्तांसही सुटली नव्हती.

सुश्रुतसंहितेची साक्ष याहून नवलाची आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत शस्त्रक्रिया शिकणाऱ्या शिष्यानें टांके घालण्याचा अभ्यास प्रथम पातळ व जाड कापडाच्या कडांवर व मऊ कातड्यावर करावा, असें सांगितलें आहे. पंचविसाव्या अध्यायांत जखम शिवण्याचे जे चार प्रकार दिले आहेत, त्यांतील एकाचें नांव तुन्नसेवनी, म्हणजे फाटलेलें वस्त्र सांधण्याची शिवण. वैद्यानें आपल्या शास्त्रास शब्द घेतला तो फाटकें लुगडें सांधणाऱ्या हाताकडून. ज्या समाजास सुई ठाऊक नाहीं, त्याचा वैद्य असें लिहीत नाहीं.

डोळ्यांनीं पाहावयाचा पुरावा हवा असेल तर अजिंठ्यास जावें. पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकाच्या चित्रांत नर्तकीच्या अंगांत लांब बाह्यांचें शिवलेलें वस्त्र आहे. हें काम वाकाटकांच्या काळचें, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें.

मराठी मुलुखांत शिवणाची व्यवस्था कशी होती, याची एक खूण गांवगाड्यांत सांपडते. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत बलुतेदार व अलुतेदार यांच्या याद्या आहेत. सुतार, लोहार, परीट, न्हावी हे बलुत्यांत आहेत. शिंपी अलुत्यांत आहे. धुणाऱ्यावांचून गांवाचें चालत नसे, पण शिवणाऱ्यावांचून चालत असे, असा याचा अर्थ आम्ही करतों. याचें कारण उघड आहे. धोतर, लुगडें, पागोटें व उपरणें हीं मागावरून उतरलीं म्हणजे नेसण्यास तयार. उरलें तें बहुतेक घरांतच होई. खणाचा एक तुकडा घेऊन त्यांतून पाठ, पुढचे भाग व बाह्या अशा काढावयाच्या कीं चिंधी वायां जाऊं नये. काखेंत हात वर करण्यास ढिलाई हवी म्हणून चौकोनी तुकडा तिरपा बसवावयाचा. पुढें गांठ मारण्यापुरती टोंकें ठेवावयाचीं. या हिशेबांत जें गणित आहे तें कोणी पाटीवर शिकविलें नव्हतें. बाळंतिणीच्या खोलींतलीं कुंची, टोपडें, झबलें व दुपटें तर घरच्याच हातचीं असावीं, असा दंडक. जुनें कापड मऊ म्हणून तान्ह्या मुलास तेंच प्रशस्त मानीत. शेवटीं सगळ्या जीर्ण वस्त्रांची गति गोधडींत. तिला वाकळ असेंही म्हणतात, व या शब्दांत वल्कलाची स्मृति आहे.

सिंगरनें आपल्या शिवणयंत्राचें पेटंट १८५१ सालीं घेतलें, आणि पुढच्या अर्धशतकांत तें यंत्र आपल्याकडील शिंप्याच्या दुकानांत व मग मध्यम स्थितींतील घरांत आलें. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनीं १९०९ नंतर स्त्रियांस शिवण शाळेंत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां जी विद्या आईकडून मुलीकडे मुकाट्यानें जात होती तिला प्रथमच वर्ग, वेळ व परीक्षा मिळाली. हा लाभ मोठा होता, व कित्येक निराधार स्त्रियांस त्यानें पोटाचें साधन दिलें. परंतु पुढें तयार कपडा स्वस्त झाला आणि घरचें शिवण गरज म्हणून मागें पडून हौस म्हणून उरलें. या हौसेस आम्ही हलकें लेखीत नाहीं. निवृत्त झाल्यावर आम्ही स्वतः बंडी शिवण्यास शिकलों. पहिल्या बंडीची एक बाही दुसरीहून दोन बोटें लांब झाली होती. परंतु धांवदोरा, टीप व गुंडी यांचे भेद जे बोटांस कळले, ते चाळीस वर्षें कोश चाळून कळले नव्हते.

आतां ती चूक. पुष्कळ वर्षांपूर्वीं देशावरील एका गांवीं एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्यास आम्ही गेलों होतों. माळ्यावर एक गाठोडें निघालें. बांधलेलें वस्त्र अनेक तुकडे जोडून केलेलें, मळकट व जड होतें. आम्हीं कागद काढून घेतले, नव्या रुमालांत बांधले, आणि तें वस्त्र तेथेंच टाकून निघालों. घरीं येऊन कागद लावतां कळून आलें, कीं त्यांत छापून प्रसिद्ध झालेल्या स्तोत्रांच्या नकला व कांहीं किरकोळ हिशेब यांपलीकडे कांहीं नव्हतें. दोन वर्षांनीं कागद परत करण्यास गेलों, तेव्हां त्या घरच्या वृद्ध आजींनीं सहज विचारलें, “मास्तर, सांपडलें का कांहीं ?” आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. त्या म्हणाल्या, “लिहिलेलें तेवढें तुम्ही नेलेंत, शिवलेलें ठेवून गेलांत. तें आमच्या आजेसासूबाईंच्या हातचें होतें.” मग त्यांनीं एकेक तुकडा आठवून सांगितला. हा सासूबाईंच्या लग्नांतल्या चोळीचा, हा मामंजींच्या उपरण्याचा कांठ, हा न वांचलेल्या मुलाच्या कुंचीचा. आम्हीं तें वस्त्र पाहण्यास मागितलें. तें चुलीजवळ भांडीं उतरण्यास घेतलें होतें, व तेथेंच संपलें होतें.

त्या घराण्याच्या पुरुषांचीं नांवें हिशेबांत आहेत. स्त्रियांचें म्हणून जें एकच दप्तर होतें, तें आम्ही पायाशीं पडलेलें असतां ओळखलें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. पोथीचें बासन, दप्तराचा रुमाल, पत्राचा खलिता, थैली, बटवा या वस्तु केवळ वेष्टनें समजून फेकूं नयेत. त्या धुऊं नयेत, उसवूं नयेत. मूळ कागदांच्या क्रमांकाशीं जोडून त्यांस क्रमांक द्यावा; तुकडे किती, टांका कोणता, कोणी शिवलें असें घरचीं माणसें सांगतात, हें त्याच दिवशीं लिहून घ्यावें. यांत इतिहासाचाही रोकडा लाभ आहे. हातच्या धांवदोऱ्यांत एकच दोरा कापडाच्या आंतबाहेर जातो. यंत्राच्या नेहमींच्या टिपेंत वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले, व टांके सारखे असतात. बासनाची मूळची शिवण यंत्राची असेल, तर पोथी कितीही जुनी असो, तें बासन शिवणयंत्र निघण्याच्या आधींचें नव्हे, हें निश्चित. एवढें ओळखण्यास भिंगाची व थोड्या सरावाची गरज आहे. सराव हवा असेल त्यानें स्वतःची एक बंडी शिवून पाहावी.