खोडण्याचा अधिकार : वऱ्हाडच्या महसुली दप्तरातून संगणकापर्यंत

जमिनीची नोंद कोणी लिहायची आणि कोणी खोडायची, हा प्रश्न वऱ्हाडात संगणकाच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. 1853 च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि 1861 पासून मुंबईच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. नागपूरकडे मालगुजारी होती, वऱ्हाडात मात्र रयतवारी. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या गावोगावी प्रत्येक शेताचा आणि खातेदाराचा हिशेब ठेवणे भाग पडले. हे लिखाण पटवाऱ्याकडे आले. बस्ता त्याच्या हाती असल्याने गावात त्याच्या लेखणीचा धाक होता.

हा धाक मोडायचा तर लेखणीला बंधन हवे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली आणि वऱ्हाडालाही उरलेल्या राज्याचेच नियम आले. कलम 150 प्रमाणे पटवाऱ्याच्या जागी आलेल्या तलाठ्याने फेरफार गाव नमुना 6 मध्ये नोंदवायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतींसाठी मुदत ठेवायची. तोवर सातबारावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलनेच लिहायचा. मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला की शाई लागायची. लिहिणारा एक, कायम करणारा दुसरा, ही या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची तरतूद आहे.

खोडण्याबाबत तर नियम आणखी कडक होता. खातेदार वारला, बोजा फिटला, तरी जुनी ओळ गिरगटून नाहीशी करायची नाही. ती कंसात घ्यायची, म्हणजे मागचे वाचता येते. अख्खा कागद नष्ट करणे हा तलाठ्याच्या अखत्यारीतला विषयच नव्हता. अभिलेख कक्षात कागदांचे वर्ग पडतात : ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षांचा, ‘क’ 10 वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. मुदत सरल्याशिवाय आणि रीतसर आदेशाशिवाय कागद जाळता येत नाही. या सावधपणाचे मोल 2023 मध्ये कळले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा विदर्भातल्या तहसिलींमधली जुनी कोतवाल बुके पुन्हा उघडली गेली. मोडीतल्या त्या जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचायला जाणकार शोधावे लागले. कोणी अडगळ म्हणून ती काढून टाकली असती, तर कित्येक कुटुंबांचा कुणबी असल्याचा पुरावा गेला असता.

संगणकाच्या जगात हीच वाटणी 1970 च्या दशकात बेल लॅब्जच्या युनिक्स प्रणालीने रुळवली. तिथे फाईलला वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या असतात, आणि त्या मालक, गट व इतर यांना वेगवेगळ्या देता येतात. फाईल हटवता येईल की नाही, हे मात्र ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहिण्याची परवानगी ठरवते. म्हणून फाईलवर सगळे हक्क असूनही ती हटत नाही, असे होते. विंडोजमध्ये फाईलची मालकी दुसऱ्या खात्याकडे असली आणि प्रशासकाला तिच्यावर हक्क नसला, तर त्याला आधी मालकी घ्यावी लागते, मग परवानगी बदलावी लागते आणि मगच फाईल जाते. नोंदवहीत लिहिणाऱ्या तलाठ्याला वहीच नष्ट करता येत नव्हती, त्यामागचे तत्त्व हेच.

महसूल खात्याच्या ई-फेरफार या संगणकीय प्रणालीत जुने नियम नव्या साधनात उतरले. तलाठी आपल्या डिजिटल स्वाक्षरीने नोंद घेतो, मंडळ अधिकारी स्वतःच्या स्वाक्षरीने प्रमाणित करतो. एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यातून होत नाही. हस्तलिखितावरून टंकताना चुका झाल्या, त्या सुधारण्यासाठी 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. 2020 च्या नव्या नमुन्यात कंस गेला आणि कमी झालेल्या नावावर आडवी रेष आली. नाव तरीही वाचता येते.

आता सातबारावरचे चुकीचे नाव काढायचे असेल, तर लेखनप्रमाद असल्यास कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो आणि प्रमाणित फेरफाराविरुद्ध तक्रार असल्यास कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. तलाठ्याला ते परस्पर काढता येत नाही.