चार वैमानिक आणि एक तर्कदोष

मंडळी, आजची गोष्ट विमानांची आहे, पण मी तिच्याकडे तर्कशास्त्राच्या खिडकीतून बघणार आहे. जुनी सवय आहे, सांभाळून घ्या.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. शिपाई म्हणून, कामगार म्हणून गेली. सैन्यात हिंदी माणूस वर चढून चढून कुठवर जाणार? सुभेदार-मेजरपर्यंत. आणि तो तीस वर्षं नोकरी केलेला असला, तरी काल भरती झालेला गोरा सेकंड लेफ्टनंट त्याचा वरिष्ठ! लढाऊ दलात राजाची सनद, म्हणजे किंग्ज कमिशन, हिंदी माणसाला मिळत नसे. ते खुलं करण्याची घोषणा झाली ऑगस्ट १९१७ मध्ये.

कारण काय देत? तर यांच्यात नेतृत्वगुण नाहीत. आणि नाहीत हे कशावरून? तर यांच्यातला एकही अधिकारी झालेला नाही. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. पोहता येत नाही तोवर पाण्यात उतरायचं नाही, असाच हा प्रकार.

या चक्राला चिरा पाडला विमानदलानं, तोही काही उदारपणे नव्हे. हरदितसिंग मलिक हा रावळपिंडीचा मुलगा ऑक्सफर्डला शिकत होता. बरोबरीचे मित्र युद्धावर गेले, याला दार बंद. मग तो फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेला. तिथून फ्रेंच विमानदलात घेण्याची तयारी दिसली. हे त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांना, उर्कहार्टना कळलं. त्यांनी थेट जनरल हेंडरसनना लिहिलं. ब्रिटिश प्रजाजन फ्रेंचांना चालतो आणि आपल्याला चालत नाही, ही लाज टोचली. एप्रिल १९१७ मध्ये मलिक रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. पगडीवरून बसेल असं मोठं शिरस्त्राण घालून ते उडत. त्या ऑक्टोबरात हवाई चकमकीत पायात गोळ्या घुसल्या. जिवंत राहिले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले.

दुसरे इंद्रलाल रॉय, कलकत्त्याचे. डिसेंबर १९१७ मध्ये विमान कोसळलं, तेव्हा मेला म्हणून त्यांना शवागारात ठेवलं होतं म्हणतात! ते पुन्हा उडाले. ६ ते १९ जुलै १९१८ या चौदा दिवसांत दहा विमानं त्यांच्या नावावर लागली, काही सहकाऱ्यांच्या जोडीनं. २२ जुलैला ते पडले. वय एकोणीस. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

तिसरे एरॉल सेन, सप्टेंबर १९१७ मध्ये शत्रूच्या हद्दीत उतरावं लागलं आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. चौथे आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिंगकर. जून १९१८ च्या अखेरीस त्यांचं विमान पडलं आणि जखमांनी ते गेले. फ्रान्समध्ये हँगार्ड गावी त्यांची कबर आहे. मुंबईत त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता मुद्द्यावर येतो. चौघांनी करून दाखवलं. दोघे मेले, एक जखमी झाला, एक कैदेत गेला. ‘यांना जमणार नाही’ हे विधान खोटं ठरवायला आणखी काय हवं होतं? तर्कानं बघाल तर एक विरोधी उदाहरण पुरतं, इथे चार होती. पण युद्ध संपलं आणि दार पुन्हा लागलं. १९२५ मध्ये स्कीन समिती नेमावी लागली, तिनं हवाई दलातही हिंदी अधिकारी घ्या असं सुचवलं. पहिले तरुण १९३० मध्ये क्रॅनवेलला शिकायला गेले. हिंदी हवाई दलाची स्थापना झाली ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. म्हणजे पुरावा हाती असून चौदा वर्षं गेली.

क्रॅनवेलला गेलेल्या त्या पहिल्या तुकडीत सुब्रोतो मुखर्जी होते. पुढे ते भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. इंद्रलाल रॉय त्यांच्या नात्यातले.

यावरून मी एवढंच म्हणेन, की पुराव्याला स्वतःचं तोंड नसतं. त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलत राहावं लागतं, नाहीतर तो दप्तरात पडून राहतो. म्हणून ‘अमक्यांना हे जमायचं नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की दोन प्रश्न विचारा. त्यांना संधी दिली होती का? आणि ज्यांनी करून दाखवलं, त्यांची नावं आपण लक्षात ठेवली का?