विंडोजलाच व्हायरस का लागायचे?

साधारण २००२ ते २०१० या काळात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घरात कॉम्प्युटर यायचा तो बहुतेक वेळा ‘असेंबल’ करून. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, ओळखीतला एखादा पोरगा ते जोडून द्यायचा आणि वर विंडोज एक्सपी टाकून द्यायचा. सीडी कोरी, तिच्यावर मार्करने लिहिलेली ‘की’. विंडोजला पैसे पडतात हे अनेकांना माहीतही नव्हतं. पुढे कुणाचा तरी पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे. मग तोच पोरगा यायचा, दोन मिनिटं माऊस हलवायचा आणि निकाल द्यायचा: “फॉरमॅट मारावा लागेल.”

प्रत्येक सोसायटीत इंजिनिअरिंगला असलेला एक दादाही असायचा. त्याचं म्हणणं ठरलेलं: “लिनक्स टाका. व्हायरस लागतच नाही.” कुणी टाकलं नाही. पण त्याचं म्हणणं कितपत खरं होतं, हा प्रश्न आज हातात अँड्रॉइड असलेल्या पिढीच्याही कामाचा आहे.

निम्मं खरं होतं. पीसीवर डॉस होता तेव्हा यंत्राला ‘कुणाला काय करू द्यायचं’ ही कल्पनाच नव्हती. जो प्रोग्रॅम चालेल तो डिस्कवर कुठेही लिहू शके. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्याच भागात जाऊन बसायचा. त्याला अडवणारं तिथे कुणी नव्हतंच. युनिक्सचा जन्म मात्र वेगळ्या घरात झाला. एकच मोठं यंत्र अनेक माणसं वापरणार, म्हणून एकाने दुसऱ्याच्या फायलींना हात लावू नये याची सोय आधीपासून करावी लागली. लिनक्सने ती रीत उचलली. म्हणजे चाळीतल्या खोल्यांना कुलपं होती आणि स्वतंत्र बंगल्याला नव्हतं, असा उलटा प्रकार. तरी नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पहिला मोठा हाहाकार माजवणारा मॉरिस वर्म युनिक्सच्याच यंत्रांवर पसरला होता. दादा हे सांगत नसे.

डॉसच्या या मोकळ्या दारांवर आपल्याकडे एक धंदा उभा राहिला, तो पुण्यात. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीपर्यंत शिकलेले, कॅल्क्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशिनांना झालेलं काहीच नसायचं, व्हायरस असायचा. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, तो हे व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहू लागला. त्यातून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ आलं, आधी डॉससाठीच. मायक्रोसॉफ्टच्या घराला कुलूप नव्हतं म्हणून पुण्यात राखणदार तयार झाला, असं म्हणायला हरकत नाही.

घर बांधण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो याचा माझ्या मते सर्वांत स्वच्छ दाखला म्हणजे सीआयएच, ऊर्फ चेर्नोबिल. २६ एप्रिल १९९९ रोजी या व्हायरसने जगभरच्या पीसींमधल्या डिस्क पुसल्या आणि काही मदरबोर्डवरची बायोस चिपही खराब केली. भारतातही त्याने बरीच यंत्रं झोपवली. पण तो विंडोज ९५ आणि ९८ वरच चालायचा. त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या विंडोज एनटीवर त्याचं काही चालत नसे, कारण एनटीमध्ये साध्या प्रोग्रॅमला यंत्राच्या गाभ्यापर्यंत जाऊ देत नसत. नाव एकच, मालक एकच, भिंती वेगळ्या. पुढचं एक्सपी एनटीच्याच पायावर बांधलेलं होतं, पण इन्स्टॉल करताना घरातल्या प्रत्येकाला ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ करून टाकायचं. उत्तम कुलूप, किल्ली दारालाच लटकवलेली.

मग लोक लिनक्सकडे का गेले नाहीत? ते तर फुकट होतं. पण इथे चोरीचं विंडोजही फुकटच होतं, त्यामुळे लिनक्सचा तो मोठेपणा बाद. २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं, आणि गल्लोगल्लीच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकणं म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणं झालं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याचा हिशेब टॅलीत, टॅली विंडोजवर. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याची मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये अडकलेली, आणि युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट नसतील तिथे मजकूर उघडला की नुसता चिन्हांचा चिवडा. एका लग्नपत्रिकेसाठी कोण ऑपरेटिंग सिस्टिम बदलणार? सगळा तालुका एकच पीक घेत असेल तर कीड त्याच पिकावर येते, आणि येते तेव्हा एका शेतावर थांबत नाही. व्हायरस लिहिणाऱ्याचं गणित याहून अवघड नव्हतं. मॅक आणि लिनक्स ‘सुरक्षित’ वाटायचे त्यात भिंतींचा वाटा होता, तसाच त्या वस्तीत फार कुणी राहत नाही याचाही होता.

आता उल्हासनगरचा तो जुना विनोद आठवा: ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन पडलेल्या माणसांनी शून्यातून बाजार उभा केला, त्यावर बाकीच्यांनी केलेली ही टिंगल. पण त्यातला मुद्दा बघा. नकली जीन्स अंगावर असलीसारखीच टिकते. नकली विंडोजही असलीसारखंच चालायचं, अगदी बिटनबिट तेच. फरक पडायचा तो अपडेटच्या दिवशी.

ऑक्टोबर २००८ चे तीन दिवस त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २० तारखेला मायक्रोसॉफ्टने चीनमध्ये पायरेटेड एक्सपी ओळखून डेस्कटॉपची पार्श्वभूमी काळी करायला सुरुवात केली. त्यावरून मोठी ओरड झाली. ही तपासणी अपडेटबरोबर यायची आणि ती काही चीनपुरती नव्हती. त्यामुळे आपल्याकडेही मशीन जोडून देणारे शहाणपणा म्हणून एक काम आवर्जून करायचे: ऑटोमॅटिक अपडेट बंद. नेमक्या २३ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर भोकाचं ठिगळ घाईघाईने बाहेर काढलं. महिन्याभरात त्याच भोकातून ‘कॉन्फिकर’ शिरला आणि लाखो यंत्रांत पसरला. चीन, ब्राझील, रशिया आणि भारतात विशेष. त्याची पुढची आवृत्ती पेनड्राइव्हवरूनही जायची. अपडेट चालू ठेवलेलं एक्सपी आणि बंद केलेलं एक्सपी या दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच म्हणायला हव्यात. त्यातली कुठली आपल्या वाट्याला येणार हे घरी बिल होतं की कोरी सीडी, यावर ठरत होतं.

बिल असलेलेही वाचले नाहीत हे खरं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत घुसला आणि तिच्याच समूहाचं न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या कोणाच्या तरी वैराची किंमत उरणमध्ये कंटेनर मोजत होते. मर्स्कला ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. सारं नेटवर्क पुन्हा जोडायला लागणारी एक प्रत फक्त घानामध्ये वाचली होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. बदलापूरकरांना भारनियमनाबद्दल एवढा चांगला शब्द क्वचितच ऐकायला मिळाला असेल.

आणि लिनक्स? लोक त्या वस्तीत राहायला गेले तशी कीडही गेली. २०१६ मध्ये ‘मिराई’ने सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर, राउटर अशी लिनक्सवर चालणारी लाखो उपकरणं ताब्यात घेतली. त्यासाठी कुठलं अवघड भोक शोधावं लागलं नाही. कंपनीने घातलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, एवढं पुरलं.

तिसरा दिवस राहिला. २२ ऑक्टोबर २००८, म्हणजे काळा पडदा आणि ते ठिगळ यांच्या मधोमध, अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. म्हणजे सोसायटीतल्या दादाचं अखेर सगळ्यांनी ऐकलं, फक्त आपण लिनक्स घेतोय हे कुणाला कळलं नाही. त्यातही जुनी युनिक्सची रीत फार हुशारीने वापरली आहे: प्रत्येक अॅपला फोन वेगळा ‘माणूस’ समजतो, वेगळा क्रमांक देतो, आणि एका अॅपला दुसऱ्याच्या खोलीत जाऊ देत नाही. एक्सपीच्या मानाने हा किल्ला आहे.

म्हणून आता व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते. पीडीएफ नाही, एपीके. ती भिंत फोडत नाही. एसएमएस वाचायची परवानगी मागते, आपण ‘अलाऊ’ दाबतो आणि बँकेचा ओटीपी तिसऱ्याच्या हातात जातो. वाहतूक चलनाच्या नावानेही तेच. शिवाय अपडेटचा जुना हिशेब इथेही चालूच आहे. महागड्या फोनना आता सात वर्षं ठिगळं मिळतात, स्वस्तातल्या कित्येक फोनना दोन-तीन वर्षांत मिळायची थांबतात, आणि नंतर ते फोन सेकंडहँड बाजारात जातात. सेटिंगमध्ये ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ असं लिहिलेलं असतं आणि खाली एक तारीख असते. सेकंडहँड फोन घेताना आपण कॅमेरा बघतो, बॅटरी बघतो, काचेवरचा चरा बघून दोनशे रुपये कमी करून घेतो. ती तारीख कुणी दुकानदाराला विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.