लपवलेला ताप

माझी आजी १९१८ सालच्या साथीला मानमोडी म्हणायची. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. अंग मोडून यायचं, मान उचलत नसे, ताप चढायचा आणि तीन-चार दिवसांत धडधाकट माणूस जायचं. मुंबईत ही साथ जूनमध्ये बंदरातून आली, आणि पावसाळा सरता सरता परतली ती जास्त जहाल होऊन. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं मेली. देशभरात कोटीच्या वर. आमच्याकडं अंबरनाथ, बदलापूरला आगगाडी होतीच. ताप गाडीत बसून आला, असं आजी म्हणायची. उल्हासनगर तर तेव्हा नव्हतंच, ते फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतनं झालं.

आजीच्या बापानं तो ताप घरात लपवला होता. का, तर त्यानं प्लेग पाहिला होता. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ ला इंग्रज सरकारनं साथीचा कायदा केला, आणि आजारी माणूस घरातनं उचलून न्यायला लागले. तेव्हापासनं ताप आला की आधी दार लावायचं, अशी रीतच पडली. मी हसायचो. म्हणायचो, अडाणी लोक.

२०२० च्या मार्चात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागला. लोकल बंद झाली. गावच्या वेशीवर आम्हीच बांबू आडवे बांधले. मुंबईला कामाला जाणाऱ्या एका नर्सबाईच्या घरच्यांना नळावर पाणी भरू दिलं नाही. त्या वेळी मी तिथं उभा होतो, आणि गप्प होतो.

काढा, हळदीचं दूध, सगळं चालू होतं. गळ्यात कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी. पण मास्क हनुवटीला, आणि तंबाखू मात्र एकाच तळहातावरची दोघं खायचो, मी नि थोरले दादा.

सप्टेंबरात भात निसवलं होतं. एका सकाळी पुरचुंडी नाकाला लावली तर कापराचा वासच नाही. अंगात कणकण होती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची मोहीम तेव्हा चालू होती. आशाताई दारात आल्या, कपाळासमोर यंत्र धरलं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. मी तासाभरापूर्वीच तापाची गोळी घेतली होती. ताप नाही, ऑक्सिजन ९७.

“काका, खोकला, वास जाणं, असं काय?”

“काय नाय बाय. पावसात भिजलो जरासा.”

नळावरची ती बाई डोळ्यांपुढं होती. आपल्या घरालाही तसंच करतील.

संध्याकाळी दादा ओट्यावर आले. तंबाखू मळली. सहाव्या दिवशी दादांना धाप लागली. शुगर होती त्यांना. चिमटा ८४ दाखवत होता. उल्हासनगरात खाट मिळेपर्यंत मध्यरात्र झाली. अकराव्या दिवशी फोन आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दादा लांबूनच बघितले, खांदा देता आला नाही.

माझ्याकडनंच गेला की बाजारातनं आला, हे आता कोण सांगणार? वास महिन्याभरानं परत आला. झोडणीच्या वेळी पेंढ्याचा वास आला तेव्हा मी खळ्यातच बसलो.

दिवस झाल्यावर वहिनींनी विचारलं होतं, “भावजी, तुमाला तवा ताप होता का?” मी नाही म्हणालो. त्यांना वाचता येत नाही. पुस्तक निघालं की नातू वाचून दाखवील.