फाळके यांची चमत्कारदृश्ये आणि संगणकीय लेन्स फ्लेअर : एक ऐतिहासिक आकलन

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात निर्माते, नट व कथानके यांना भरपूर स्थान मिळाले. पडद्यावरील प्रतिमा प्रत्यक्ष कशी घडविली गेली, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला ठेवण्यात आला. ही उपेक्षा योग्य नव्हे. प्रस्तुत लेखात दादासाहेब फाळके यांच्या चमत्कारदृश्यांच्या पार्श्वभूमीवर आजच्या संगणकीय 'लेन्स फ्लेअर'चे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

फाळके (१८७०-१९४४) यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात झाले. छायाचित्रण व मुद्रण हे व्यवसाय त्यांनी केले, आणि स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पासून त्यांनी हीच नजरबंदी कॅमेऱ्यात आणली. चित्रण थांबवून पात्र हलवायचे व पुन्हा सुरू करायचे, की पात्र अदृश्य होते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की देव प्रकटतो. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये तर आरंभी कन्या मंदाकिनी दिसते आणि तिचाच पाहता पाहता कृष्ण होतो. येथे नटी उघड केली आहे, भिंग मात्र नाही. भिंगाचे अस्तित्व जाणवले असते, तर चमत्कार ओसरला असता.

लेन्स फ्लेअर हे नेमके भिंगाचे अस्तित्व होय. तीव्र प्रकाश भिंगसंचातील काचांच्या पृष्ठभागांवरून पुनःपुन्हा परावर्तित होतो आणि चित्रावर वर्तुळे, बहुकोन व पट्टे उमटतात. हा दोष मानला जाई. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेप शोधला तो त्याच्याच निवारणार्थ. पुढे 'ईझी रायडर' (१९६९) सारख्या चित्रपटांनी तो मुद्दाम राखला, कारण त्यातून कॅमेरा खरोखर त्या उन्हात उभा असल्याची खात्री पटत होती.

संगणकाने या खात्रीचीच नक्कल केली. 'आफ्टर इफेक्ट्स'मध्ये काळ्या थरावर फ्लेअर निर्माण करून तो 'स्क्रीन' पद्धतीने मूळ दृश्यावर मिसळतात. त्यामुळे काळा भाग लोपतो, मूळ चित्रण अबाधित राहते. केंद्रबिंदू दृश्यातील दिव्याच्या हालचालीशी जोडावा लागतो. दिव्यासमोरून माणूस गेला, तर तेजस्विता त्या क्षणी उतरवावी लागते. घाईत केलेल्या कामात नेमके हेच राहून जाते व फसवणूक उघडी पडते. भिंगाचा प्रकारही निवडता येतो : ५०-३०० मिमी झूम, ३५ मिमी किंवा १०५ मिमी. यांपैकी एकाही भिंगात काच नाही.