चित्र घडवणाऱ्या हत्यारांची गोष्ट

मोबाईलवर दृश्य टिपावे, इनशॉटसारख्या अॅपमध्ये ते कापावे-जोडावे, कॅनव्हावर त्याची जाहिरात सजवावी आणि तासाभरात ते लोकांपुढे ठेवावे, ही सारी कामे आज एकटा विद्यार्थी करतो. असे पूर्वी कधी घडलेच नव्हते, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. कोल्हापूरकराने तरी हे विधान जपून करावे.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तेव्हा आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत होते. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेणे आवाक्याबाहेरचे. म्हणून त्यांनी तो घडवायलाच घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम १९१८ च्या सुमारास पुरे केले. तानीबाई कागलकर यांच्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला.

पडदे रंगवणारे हेच हात पुढे चित्रपटाचा देखावा उभारू लागले, वेशभूषा ठरवू लागले, पोस्टर काढू लागले. 'सिंहगड' (१९२३) साठी कृत्रिम प्रकाशही वापरला गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर निर्मिती, संपादन आणि प्रसिद्धी यांची साधने एकाच छपराखाली होती. फरक एवढाच, की ती साधने बिघडली तर ती खोलून दुरुस्त करणारा माणूसही तिथेच होता. अर्थात स्वावलंबनाचे हे चित्र फार रंगवू नये; कच्ची फिल्म परदेशातूनच येत असे.

या उद्योगातून उरले किती, हा प्रश्न मात्र बोचतो. 'सैरंध्री' आज पाहायला मिळत नाही, 'सिंहगड'ही नाही. नायट्रेट फिल्म पेट घेई, कुजे. तिच्यातील चांदीसाठी जुनी रिळे वितळवलीही जात. चित्रपट दाखवून झाला की त्याचे मोल संपले, अशीच त्या काळची समजूत होती.

ती समजूत अजून गेलेली नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या मराठी मुलामुलींनी रचलेले अभिनयाचे, बोलीचे, विनोदाचे असंख्य तुकडे एका दिवसात दृष्टीआड झाले. ज्यांनी मूळ चित्रण वेगळे ठेवले होते, त्यांचे काम उरले. पुष्कळांनी ठेवले नव्हते. अॅप हेच त्यांचे कपाट होते.

म्हणून आमच्या महाविद्यालयातील मुले नवे अॅप दाखवायला येतात तेव्हा त्यातील झगमगाटापेक्षा आम्ही वेगळेच विचारतो: काम बाहेर काढून ठेवता येते का? पूर्ण दर्जात येते की खालच्या? अर्धवट मसुदे फोनमध्येच राहत असतील, तर अॅप काढून टाकल्यावर त्यांचे काय होते? मुले हसतात. मग त्यांतला एखादा मूळ चित्रफीत वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि फाईलला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव देतो. या कामाला पाच मिनिटे लागतात.