अमेरिकेतल्या कॉलेजांमधली 'फ्रॅटर्निटी' म्हणजे नेमकं काय? नवे सदस्य कसे निवडतात आणि 'हेझिंग' थांबत का नाही?

ऑगस्ट सुरू झाला की इन्स्टाग्रामवर एका ठरावीक प्रकारची रील्स फिरू लागतात. पांढऱ्या खांबांच्या बंगल्यासमोर एकाच रंगाचे कपडे घातलेल्या वीस-पंचवीस मुली नाचत असतात. कुणी आरशासमोर उभी राहून ड्रेस कुठला, कानातले कुठले ते सांगत असते. शेवटच्या दिवशी हातात पाकीट घेतलेल्या मुली किंचाळत, रडत धावत सुटतात.

ही धावपळ म्हणजे 'रश', म्हणजेच अमेरिकन कॉलेजांमधल्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटींची सदस्य भरती. २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींचे व्हिडिओ टिकटॉकवर व्हायरल झाले आणि 'बामा रश' हे नाव जगभर पोहोचलं. रील्समध्ये दिसतो तो या प्रथेचा दर्शनी भाग. खरी गोष्ट त्या बंगल्याच्या आत आहे.

नावात ग्रीक अक्षरं का?

'फ्रॅटर' म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ आणि 'सोरोर' म्हणजे बहीण. संस्कृतातले 'भ्रातृ' आणि 'स्वसृ' हे शब्द याच कुळातले. मुलांची ती फ्रॅटर्निटी आणि मुलींची ती सोरोरिटी, असा साधारण हिशोब आहे.

ग्रीक अक्षरांची सुरुवात ५ डिसेंबर १७७६ रोजी झाली. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' नावाची गुप्त मंडळी स्थापन केली. ही संस्था पुढे हुशार विद्यार्थ्यांचा मानसन्मान करणारी संस्था बनली; पण ग्रीक अक्षरं, शपथ आणि खास हस्तांदोलन ही पद्धत मागे राहिली. १८२५ ते १८२७ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजमध्ये तीन मंडळं निघाली आणि आजच्या फ्रॅटर्निटींचा साचा तिथे तयार झाला. १८७० मध्ये 'कॅपा अल्फा थीटा' ही ग्रीक अक्षरांचं नाव असलेली मुलींची संघटना सुरू झाली. 'सोरोरिटी' हा शब्द त्यानंतरचा, १८८२ मधला.

चॅप्टरमध्ये काय चालतं?

एका राष्ट्रीय संघटनेच्या वेगवेगळ्या कॉलेजांमध्ये शाखा असतात. प्रत्येक शाखेला 'चॅप्टर' म्हणतात. चॅप्टरचा कारभार विद्यार्थीच चालवतात. अध्यक्ष, खजिनदार, भरतीप्रमुख आणि नव्या सदस्यांना तयार करणारा एक पदाधिकारी असतो. दर आठवड्याला बैठक होते आणि दर सत्राला वर्गणी भरावी लागते. राहणं-जेवण धरलं तर हा खर्च काही हजार डॉलरपर्यंत जातो. किमान गुणांची अटही असते.

बाकीचे दिवस समाजकार्यासाठी निधी गोळा करणं, खेळांचे सामने आणि पार्ट्या यात जातात. नव्या सदस्याला एक 'बिग', म्हणजे थोरला भाऊ किंवा थोरली बहीण मिळते. बिगचा बिग, त्याचाही बिग अशी चक्क वंशावळ तयार होते. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात जेवायला सोबत, अभ्यासाला मदत आणि पुढे नोकरीसाठी ओळख मिळते. फ्रॅटर्निटी टिकून राहण्याचं हे खरं कारण आहे.

एक तपशील सहसा सांगितला जात नाही. मोठ्या राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरांमध्ये दारूला परवानगी नसते. त्यामुळे पार्ट्या मुलांच्या घरी होतात. दारात कोण येणार आणि ग्लासात काय ओतलं जाणार, हे मग मुलंच ठरवतात.

निवड कशी होते?

मुलींची भरती शिस्तीत चालते. पहिल्या फेरीत उमेदवार सगळ्या घरांना भेट देते. पुढच्या प्रत्येक फेरीत घरांची संख्या कमी होत जाते. सोरोरिटी आपली यादी लावते, मुलगी आपली पसंती लावते आणि दोन्ही याद्या जुळवल्या जातात. शेवटच्या फेरीनंतर मुलगी एका करारावर सही करते. त्यानुसार मिळालेली सोरोरिटी नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या भरतीपर्यंत त्या कॉलेजमधल्या त्या गटातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येत नाही. त्या पाकिटात असते ती 'बिड', म्हणजे सदस्यत्वाचं आमंत्रण.

मुलांची भरती बरीच सैल असते. बर्गर, बास्केटबॉल, गप्पा, आणि मग बंद खोलीत मतदान. कुणाला का नाकारलं, हे सांगायचं बंधन नसतं.

ही बंद खोली कुणासाठी बंद राहिली, याचाही इतिहास आहे. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) पुढे तिचे सदस्य झाले. कमला हॅरिस ज्या 'अल्फा कॅपा अल्फा'च्या सदस्य आहेत, ती सोरोरिटी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. १९९० च्या दशकात दक्षिण आशियाई मुलामुलींनीही आपल्या संघटना काढल्या. १९९८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या कॅम्पसमध्ये सुरू झालेल्या 'डेल्टा एप्सिलॉन साय' आणि 'कॅपा फाय गॅमा' ही त्यातली नावं.

भेदभाव तेव्हाही संपला नव्हता. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रानं उघड केलं, की उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला सोरोरिटींनी डावललं होतं. तिला घ्यावं असं काही विद्यार्थिनींना वाटत होतं. पण माजी सदस्यांनी अडवलं. देशभर टीका झाल्यावर विद्यापीठाला भरती पुन्हा खुली करावी लागली.

बिड मिळाल्यानंतर

बिड मिळाली म्हणजे लगेच सदस्यत्व मिळालं असं नाही. मधला उमेदवारीचा काळ असतो. त्यातल्या नव्या मुलाला 'प्लेज' म्हणतात. संघटनेचा इतिहास पाठ करणं, सगळ्यांची नावं लक्षात ठेवणं इथपर्यंत ठीक. पण याच काळात 'हेझिंग' होतं. म्हणजे झोपू न देणं, अपमान करणं, मारहाण आणि सर्वांत घातक म्हणजे थोड्या वेळात भरपूर दारू प्यायला लावणं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातला १९ वर्षांचा विद्यार्थी अशाच रात्री तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात माणसं होती, कॅमेरे चालू होते. तरी मदतीसाठी फोन गेला तो सुमारे बारा तासांनी. तो वाचला नाही. पुढच्या वर्षी त्याच्याच नावानं राज्यात हेझिंगविरोधी कडक कायदा झाला.

भारतातल्या रॅगिंगशी याची तुलना होते. पण एक फरक आहे. रॅगिंग हॉस्टेलवर आलेल्या कुणाच्याही वाट्याला येतं. हेझिंग सोसणारा मुलगा मात्र स्वतःहून रांगेत उभा राहिलेला असतो. एवढं सोसलं, आता थोडेच दिवस राहिले, असं तो स्वतःला समजावतो. तक्रार केली तर ज्यांना भाऊ म्हणायचं तेच दुरावतील, ही भीतीही असते. म्हणून दार उघडं असूनही तो बाहेर पडत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या कायद्यांनी हे ओळखलंय. मुलाची संमती होती, हा बचाव तिथे चालत नाही.

काही संघटनांनीही धडा घेतला. 'सिग्मा अल्फा एप्सिलॉन' या मोठ्या फ्रॅटर्निटीनं २०१४ मध्ये प्लेजचा काळच रद्द केला. बिड स्वीकारली की सदस्यत्वाचा मार्ग लगेच मोकळा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. अमेरिकेत हा विषय बराच काळ राज्यांवर सोपवलेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगबाबतचा संघराज्याचा कायदा झाला. आता कॉलेजांना हेझिंगच्या घटनांची नोंद ठेवावी लागते आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं आपल्या वेबसाइटवर जाहीर करावी लागतात.

महाराष्ट्रातून एमएससाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा याच्याशी फारसा संबंध येत नाही, कारण या संघटना मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांच्या असतात. बारावीनंतर थेट अमेरिकेत जाणाऱ्यांचा आणि तिथेच वाढलेल्या मराठी मुलांचा मात्र येतो. त्यांनी बिडवर सही करण्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवरची ती यादी उघडून पाहावी. वर्गणी एकूण किती, हे लेखी मागावं. उमेदवारीच्या काळात रोज काय करावं लागेल, हेही थेट विचारावं. त्यावर 'ते गुपित आहे' असं उत्तर आलं, तर सही न केलेली बरी.